पहिली तीन मिनिटं कानासाठी

गाण्यांचा लघुपट करायचा ठरला की पहिल्याच बैठकीत कुणीतरी हमखास म्हणतं, "ओपनिंगला ड्रोन शॉट घेऊ." मग सगळ्यांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभं राहतं. सेक्टरांचे सरळसोट रस्ते, दुतर्फा झाडं, लांबवर स्टील प्लांटची धुराडी आणि त्यावर हळूहळू चढत जाणारं संगीत. भिलाईतल्या मराठी घरांतली जी मुलंमुली यंदा कॉलेजातले सवंगडी जमवून असा लघुपट करायला निघाली आहेत, त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: ड्रोनचा विषय बाजूला ठेवा. आपल्या गोष्टीत गाणं कुठून येणार, ते आधी ठरवा.

संगीतपटात माणसं बोलता बोलता गायला लागतात. हे प्रेक्षकाला पटलं की नाही, याचा निकाल पहिल्या तीन-चार मिनिटांत लागतो. पटलं, तर पुढे आजोबा सेक्टर 9 च्या दवाखान्यात रांगेत उभे राहून गायले तरी कुणाला वावगं वाटत नाही. नाही पटलं, तर मागच्या रांगेत खुसखुस सुरू होते आणि मग कितीही चांगला गळा असो, ती थांबत नाही. म्हणून तुमच्या सगळ्या तयारीतले सर्वांत जास्त दिवस या सुरुवातीला द्या. शेवट थोडा कच्चा राहिला तर लोक सांभाळून घेतात.

आपल्या रंगभूमीला हे पहिल्यापासून ठाऊक आहे. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं तेव्हा कथा सुरू होण्याआधी सूत्रधार मंगलाचरण गात असे, विदूषक येई, गणपती येई. तमाशात गण, मग गवळण, मग बतावणी, आणि वग त्याच्याही नंतर. 1880 मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' पुण्यात रंगभूमीवर आलं, ते नांदी घेऊनच. यात देवाचं नाव घेणं तर होतंच, पण त्याबरोबर बसलेल्या माणसांच्या कानाची तयारीही होत होती. आज रात्री इथे राजेसुद्धा गाणार आहेत, ही खबर लोकांना आधीच मिळत असे. सिनेमात नांदी गेली, तरी ती खबर देण्याचं काम शिल्लक राहिलंच. ते कुणीतरी करायला हवं.

प्रभातचा 'संत तुकाराम' (1936) नुसत्या सुरुवातीसाठी पुन्हा बघा. मोबाइलवर बघा हवं तर, पण कानात इअरफोन घालून. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम आपल्यातच बुडालेला आहे आणि अभंग गातो आहे. दिग्दर्शक दामले-फत्तेलालांना कुठे जायची घाई नाही, कॅमेरा त्याच्यापाशी थांबून राहतो. आपण त्या सुरात जरा स्थिरावतो तोच ते गाणं देवळात ऐकू येतं, सालोमालोच्या तोंडून. तो लोकांसमोर हावभाव करत, ठसक्यात गातो आणि रचना आपलीच असल्याचा आव आणतो. गाणं तेच, गाण्याची तऱ्हा पार वेगळी. खरा कोण आणि उसनं कोण मिरवतो, हे आपल्याला कळून चुकतं. पुढच्या दोन तासांतलं सगळं भांडण त्या एका गाण्यात येऊन गेलेलं असतं. चित्रपटाच्या सुरुवातीला गाणं कसं कामाला लावावं, याचा याहून चांगला धडा मला ठाऊक नाही. ही युक्ती तुम्हालाही फुकट वापरता येईल. हॉस्टेलच्या जिन्यावरून उतरताना एक मुलगी जी ओळ गुणगुणते, तीच ओळ संध्याकाळी कॉलेजच्या मंचावर माइक हातात धरून दुसरंच कुणी गातं आहे, एवढं दाखवलंत तरी गोष्ट सुरू झाली.

भिलाईत राहून तर तुम्हाला फार लांब जायचीही गरज नाही. हबीब तन्वीरांच्या 'चरणदास चोर'ची घडण भिलाईतल्या एका कार्यशाळेत सुरू झाली. त्याचं पहिलं, लहानसं रूप 'चोर चोर' या नावाने इथल्याच मैदानावर सतनामी समाजापुढे झालं. हे नाटक उघडतं ते सत्याचा महिमा गाणाऱ्या पंथी गीताने. त्या वेळी प्रेक्षकाला वाटतं, चाल छान आहे, मांदर छान वाजतो आहे. शेवटी दिलेला शब्द न मोडल्यापायी तो चोर मारला जातो, तेव्हा त्या पहिल्या गाण्याचं वजन ध्यानात येतं. सुरुवातीच्या गाण्यात शेवट असा दडवून ठेवता आला पाहिजे. म्हणून पहिलं गाणं लिहायला बसाल ते पटकथेचं शेवटचं पान हातावेगळं केल्यावरच.

भिलाईजवळच्या गनियारीत जन्मलेल्या तीजनबाईंना तुम्ही पाहिलंच असेल. प्रत्यक्ष नाही तर श्याम बेनेगलांच्या 'भारत एक खोज'मध्ये तरी. उभं राहून, हातातल्या तंबुऱ्याची कधी गदा तर कधी धनुष्य करत त्या पंडवानी गातात. मला मात्र दर वेळी त्यांच्या शेजारच्या रागीकडे बघावंसं वाटतं. तो हुंकार देतो, मध्येच प्रश्न विचारतो, आश्चर्य करतो. आपण जे विचारलं असतं ते तो विचारतो, आणि त्यामुळे बाईंनी गाण्यात गोष्ट सांगणं अगदी सहज वाटतं. तुमच्या पहिल्या प्रसंगात गाणाऱ्या माणसासोबत असा एक ऐकणारा ठेवून बघा. धाकटा भाऊ असेल, रिक्षावाला असेल, लायब्ररीत "शूऽऽ" करणाऱ्या बाई असतील. चौकटीतल्या कुणालातरी ते गाणं ऐकू येत असलं की प्रेक्षकाला एकटं वाटत नाही.

आणि अनुराग बसू. ते जन्माने भिलाईचे. त्यांच्या 'जग्गा जासूस'मध्ये (2017) नायक बोलताना अडखळतो आणि गाताना अडखळत नाही, म्हणून तो गाऊन बोलतो. संगीतपटातला सर्वांत अवघड प्रश्न, हा माणूस का गातो, त्याचं उत्तर त्यांनी पात्राच्या जिभेवरच ठेवलं. तुमच्या नायिकेला असंच कारण हवं. ते शारीरिकच असावं असं नाही. घरात मोठ्याने बोलायची सोय नसेल, किंवा जे सांगायचं ते हिंदीत सुचत नाही आणि मराठी ऐकणारं कुणी उरलं नाही, असं काहीही चालेल. फक्त ते खरं असावं, आणि पहिल्या गाण्यात दिसावं.

आता आवाजाकडे येते, कारण माझ्या मते भिलाईची खरी श्रीमंती तिथे आहे. 1932 साली रूबेन मामूलियन या दिग्दर्शकाने 'लव्ह मी टुनाइट' नावाचा संगीतपट केला. तो सुरू होतो पहाटेच्या पॅरिसमध्ये. एक मजूर कुदळ मारतो, कुणी घोरतं, कुणी झाडतं, चांभार खिळे ठोकतात, आणि एकेक आवाज मिळत मिळत सगळं शहर एका ठेक्यात येतं. गाणं त्यानंतर येतं आणि ते आगंतुक वाटत नाही. आपल्याकडे शांतारामबापूंनी 'कुंकू'मध्ये (1937) पार्श्वसंगीत बाजूला सारून प्रसंगातल्याच आवाजांवर भिस्त ठेवली. दोन्ही चित्रपट आज मिळतात. दोन्ही सगळ्यांनी एकत्र बसून बघा.

मग स्वतःच्या घरात पहाटे जागे राहा. समजा, गोष्ट सेक्टरमधल्या क्वार्टरात राहणाऱ्या एका मुलीची आहे. बाबांची फर्स्ट शिफ्ट, म्हणजे सकाळी सहाला हजर. पाचच्या आधीच घर जागं होतं. बादलीत नळाची धार पडते. पोळपाटावर लाटणं फिरतं, फिरताना एका बाजूला किंचित ठोकर देतं. बाहेर खराट्याचे झपके. कुकरची शिट्टी. आई शब्दांवाचून काहीतरी गुणगुणते आहे. मग स्टीलच्या डब्याची कडी खटकन लागते, सायकलचा स्टँड उडतो, फाटक वाजतं. या आवाजांचा दादरा करा. लाटण्याच्या सहा मात्रा, आणि ठरावीक आवर्तनानंतर डब्याची कडी बरोबर समेवर. फाटकाबाहेर आलो की रस्त्यावर आणखी सायकली, स्कूटरी, मुर्गा चौकाकडे निघालेली माणसं, तीच लय आता मोठी झालेली. इथे श्रेयनामं येऊ द्या.

मग दुसरी सकाळ. तोच नळ, तेच लाटणं, तोच खराटा. सम येते आणि कडी वाजत नाही. बाबा काल साठीला निवृत्त झाले. डबा ओट्यावर पालथा पडला आहे, बाबा दारात उभे आहेत, आणि त्या रिकाम्या समेवर, जिथे रोज खटका वाजायचा, तिथे आतल्या खोलीतून मुलीचा पहिला सूर येतो. यासाठी ड्रोन लागत नाही, शंभर नर्तक लागत नाहीत. एक स्वयंपाकघर, एक आई, एक डबा लागतो. गाणं का सुरू झालं हेही कुणाला समजावून सांगावं लागत नाही, कारण लय मोडल्याचं प्रेक्षकाच्या कानाने आधीच टिपलेलं असतं. ही गोष्ट तुम्ही जशीच्या तशी घ्यावी असं माझं म्हणणं नाही. भिलाईत तेलुगू, मल्याळी, बंगाली, पंजाबी, ओडिया, छत्तीसगढी अशी कितीतरी घरं आहेत, आणि प्रत्येक घराची पहाट निराळी वाजते. तुमच्या गटातल्या प्रत्येकाने आपापल्या घरचे आवाज आणावेत.

यानंतर कागदावरचं काम, आणि ते टाळू नका. लय आणि फ्रेम एकाच बैठकीत ठरवा. मिनिटाला 90 मात्रांचा दादरा धरला तर एक आवर्तन बरोबर 4 सेकंदांचं होतं. सेकंदाला 24 फ्रेमने चित्रण केलं तर एका मात्रेला 16 फ्रेम आणि एका आवर्तनाला 96. सगळे आकडे पूर्ण, म्हणजे एडिटिंगला बसलेल्या मुलाला काप नेमका मात्रेवर घेता येतो. तेच 100 मात्रांची लय घेतलीत तर 24 फ्रेममध्ये मात्रा 14.4 वर पडते आणि प्रत्येक काप केसभर इकडेतिकडे सरकतो. ही लय हवीच असेल तर 25 फ्रेमवर जा, मग मात्रेला बरोबर 15 येतात. तीन मिनिटांची सुरुवात म्हणजे दादऱ्याची 45 आवर्तनं. चौकटीच्या वहीत 45 घरं आखा. वरच्या प्रसंगाची वाटणी मी अशी करेन: पहिली 16 घरं पहिल्या सकाळीला, 8 रस्ता आणि श्रेयनामांना, 8 दुसऱ्या सकाळीला, उरलेली 13 मुलीच्या गाण्याला. म्हणजे गायलेला पहिला शब्द दोन मिनिटं उलटल्यावर येतो. गटातलं कुणीतरी म्हणेल, फार उशीर होतोय. त्याचं ऐकू नका. दुसरी सकाळ पहिलीच्या निम्मी ठेवली आहे, कारण ओळखीचा ठेका दुसऱ्यांदा ऐकताना कान लवकर पुढे जातो.

वही भरली की कच्चा ट्रॅक बनवा. मोबाइलवर रेकॉर्ड केलेला चालेल, पण लय यंत्राच्या ठोक्यावरच धरा आणि सुरुवातीला एक मोकळं आवर्तन मोजायला सोडा. गायिकेची पट्टी तिच्या गळ्यावरून ठरू द्या, संगीतकाराला पेटीवर कुठे सोपं जातं यावरून नको. मग त्याच घरात, त्याच उजेडात मोबाइलने फोटो काढा, प्रत्येक शॉटचा एक, आणि ते ट्रॅकवर ओळीने मांडा. ही फोटोंची फिल्म शेजारच्या काकूंना दाखवा. पुढे काय होईल असं वाटतं, एवढंच विचारा. त्या बरोबर ओळखतील की घरात काहीतरी बदललं आहे, किंवा त्या म्हणतील, "पोळ्या छान करते." दुसरं उत्तर आलं तर चित्रण पुढे ढकला आणि वहीकडे परत या. 'ला ला लँड'मधलं उड्डाणपुलावरचं प्रसिद्ध गाणं आधी पार्किंगमध्ये उभ्या गाड्यांवर बसवलं होतं आणि मोबाइलवर टिपून तपासलं होतं. त्यांच्याकडे पैसा होता, तरी त्यांनी ही पायरी गाळली नाही.

चित्रणाच्या दिवशी पोरं कुठे अडतात, तेही सांगून ठेवते. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. ट्यूबलाइटखाली 24 फ्रेमने चित्रण करताना शटर 1/50 ठेवा, नाहीतर चित्र लुकलुकतं आणि ते नंतर सुधारत नाही. बरेच मोबाइल फ्रेमचा वेग आपोआप कमीजास्त करतात, त्यामुळे गाण्याच्या शेवटी ओठ आणि आवाज यांची फारकत होते. फ्रेमचा वेग बांधून ठेवणारं ॲप वापरा. कॅमेऱ्याचा माइक बंद करू नका, स्पीकरवर वाजणारा ट्रॅक त्यात यायलाच हवा, जुळवणीला तोच आधार. आणि मोकळ्या मैदानात किंवा रुंद रस्त्यावर एक गोष्ट ध्यानात ठेवा: आवाज सेकंदाला साधारण 340 ते 350 मीटर जातो. स्पीकरपासून 35 मीटरवर पेडल मारणाऱ्या सायकलस्वाराला ठोका सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा ऐकू येतो, म्हणजे जवळपास अडीच फ्रेम. त्याचा पाय चुकत नाही, त्याच्यापर्यंत ठोकाच उशिरा पोचतो. लांबच्या रांगेचा शॉट स्पीकर त्यांच्याजवळ नेऊन वेगळा घ्या.

परवानग्यांचं थोडक्यात. प्लांटच्या आत आणि गेटपाशी सीआयएसएफचा पहारा असतो. परवानगी न घेता तिथे कॅमेरा काढू नका, मित्राचे बाबा आत कामाला आहेत हे पुरेसं नाही. पॉवर हाऊस स्टेशनवर चित्रण करायचं तर रेल्वेकडे अर्ज लागतो. ड्रोनचा मोह सुटतच नसेल तर डिजिटल स्कायचा नकाशा आधी बघा. ड्रोन नियम 2021 प्रमाणे लाल क्षेत्रात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही. ऊन हाही एक अधिकारीच समजा. मे महिन्यात सकाळी आठनंतर बाहेर नाचायला कुणाला लावू नका.

आता गाण्याच्या हक्काविषयी, आणि इथे मी जरा आग्रहाने बोलते. सुरुवातीला एखादं गाजलेलं फिल्मी गाणं टाकून वेळ मारून नेऊ नका. महोत्सवात तो लघुपट अडतो, इंटरनेटवर चढवला तर आवाज बंद केला जातो. सुवा, करमा, ददरिया, पंथी यांच्या पारंपरिक चाली सगळ्यांच्या आहेत, पण बाजारात मिळणारं त्यांचं रेकॉर्डिंग कुणाच्या तरी मालकीचं असतं. ते उचलू नका. गावात जा, गाणाऱ्यांना भेटा, काय गोष्ट करताय ते सांगा, त्यांना गायला बोलवा. येण्याजाण्याचा खर्च आणि मानधन आधी ठरवा, मग माइक लावा. पंथी हे श्रद्धेचं गाणं आहे. देवदास बंजाऱ्यांनी ते परदेशी मंचांवर नेलं तेव्हाही त्याचा मान राखून नेलं. त्यावर गमतीचा नाच बसवायचा विचार असेल तर दुसरी चाल शोधा. शास्त्रीय बाजूची अडचण असेल तर खैरागढ आहे. 1956 पासून तिथे इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय आहे आणि आपले श्रीकृष्ण नारायण रातंजनकर तिथे कुलगुरू होते. भिलाईपासून सकाळी निघून संध्याकाळी परत येण्याजोगं अंतर आहे. तिथल्या तुमच्याच वयाच्या मुलांना गटात घ्या, त्यांनाही चित्रपटात काम करायचं असतं.

आणि घरातल्या मोठ्यांनो, काका, मावश्या, निवृत्त होऊन सेक्टरातच राहिलेले आजोबा, तुमच्याकडेही मागणं आहे. मुलं पहाटे साडेचारला स्वयंपाकघरात मोबाइल घेऊन उभी राहिली तर त्यांना हुसकावू नका. पोळ्या रोजच्यासारख्या करा. कॅमेऱ्यासाठी नवी साडी नेसू नका, ओटा आवरू नका. मिक्सर, टीव्ही आणि शेजारचा भोंगा तेवढा तासभर बंद राहील असं बघा. माळ्यावर पेटी पडून असेल तर भाता तपासून मुलांच्या हाती द्या. पूर्वी फर्स्ट शिफ्टला जाताना काय वाजायचं, कोण काय गुणगुणायचं, ते त्यांना बसवून सांगा, आणि सांगताना त्यांना ते रेकॉर्ड करू द्या. श्रेयनामांत तुमचं नाव कसं लिहायचं, आडनावासकट की नुसतं, तेही त्याच वेळी सांगून ठेवा.